बेगमी

परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. पत्र्याची कोठी, कमरेइतकी उंच, बुडाशी धान्य काढायची झडप. खाली लिहिलं होतं, कुणाला हवी असल्यास घेऊन जा, रविवारी भंगारवाला येणार आहे. मी नुसती बघायला म्हणून गेले आणि झाकण उचललं. कोठी रिकामी होती, पण आत वास होता. एरंडेल, चुरा झालेला कडुनिंबाचा पाला आणि गव्हाचा तो कोरडा, घशाला लागणारा धुरळा. कोठी घरी घेऊन आले. ठेवायला जागा कुठे आहे, असं घरातल्यांनी विचारलं. जागा केली.

त्या वासाबरोबर आईचा हात आठवला. बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून कोठीत घातलेला उजवा हात. भोसरीत आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा टर्नर. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करणारं एक लहान वर्कशॉप होतं, तिथे कामाला. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर ऑर्डरी थांबल्या आणि वर्कशॉपला कुलूप लागलं. त्या रात्री आम्ही पोरं झोपलो असं समजून आई उठली, दिवा न लावता तिने कोठीत हात घातला. बराच वेळ ती बोटांनी चाचपत होती. मग अण्णांना म्हणाली, "दिवाळीपातूर गव्हाची काळजी न्हाई. डाळीचं बगू."

ती बार्शीकडची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, रांगेत उभं राहून सुकडी घेतलेली, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्लेली. तिच्या माहेरी अंगणात ज्वारीचं पेव होतं. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही, मग आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, हे ती आम्हाला गोष्टीसारखं सांगायची. बहात्तर साली ते पेव उघडलं तेव्हा तळ दिसत होता. यापुढे ती कधी सांगत नसे.

आईची बेगमी एकदम भरली, असं कधी झालं नाही. तेवढे पैसे एकरकमी हातात यायचेच नाहीत. पगार झाला की महिन्याचं वाणसामान आणि त्यावर एक वस्तू जादा, एवढाच तिचा नियम. सुरुवात मिठाने, कारण ते सगळ्यांत स्वस्त आणि नासत नाही. मग काडेपेट्यांचा पुडा. मग अंगाचे साबण; ते कागदातून काढून फळीवर वाळत ठेवायची, वाळलेला साबण कमी झिजतो म्हणून. मग गूळ, मग डाळ. वर्षाचा गहू मात्र एप्रिल-मेमध्ये, पतपेढीतून कर्ज काढून. पुढचा गहू येईपर्यंत त्याचे हप्ते चालत. लोकवन गहू गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचा, दाताखाली कडक मोडला तरच कोठीत. तूरडाळीला एरंडेल चोळायचं. तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी, त्याला बोरिक पावडर. कांदा चाकणच्या बाजारातून, आणि तोही गरवाच. पावसाळ्याआधीचा, सुकल्या मानेचा. खाटेखाली पोत्यावर पसरून ठेवायचा आणि नासका कांदा दिसला की लगेच बाहेर काढायचा. लाल हळवा कांदा साठवायला घेणाऱ्या बायांची तिला कीव यायची.

चाळीतल्या बायका मिळून पिंपरी कॅम्पातल्या घाऊक दुकानातून डाळीची गोणी आणत आणि आमच्या ओट्यावर तराजू लावून वाटून घेत. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, ती याच वाटेने. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येतात, महिन्याची यादी आधी देतात, पैसे आधी भरतात, माल घाऊकात येतो आणि सभासदच तो वाटतात. हे मी फार पुढे वाचलं. आईला त्याचा पत्ता नव्हता, आणि तरी तिच्या ओट्यावरचा हिशेब तोच होता. या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. महागाईविरुद्ध मोर्चे निघाले, तेही हवेच होते. पण दर महिन्याला तराजू धरून बसायला निराळी चिकाटी लागते.

इथे शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवतं. विषय कुठला आणि मी कुठे चालले, असं वाटेल, पण ते डोक्यातून जात नाही. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणला छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनाला येईल तसं उधळलंत, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्याच्या दारात जाल. कुणी दाणे उचलेल, कुणी भाकरी, कुणी भाजी. रयतेला मग मोगल बरे वाटतील. गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, उंदीरसुद्धा जळती वात ओढून नेतो, इथपर्यंत बारकाई. राज्य उभं करणारा माणूस वैरणीचा हिशेब असा लिहितो, हे वाचून मला प्रत्येक वेळी भरून येतं. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. बुरूज सुरुंगाने उडवल्यावर तो पडला. आता त्या किल्ल्याच्या आसपास कंटेनरची रांग असते. तिथून जाताना त्या दोन महिन्यांत किल्ल्यात धान्याचं माप कोण धरत असेल, हा विचार माझ्या मनात येतो.

त्या पत्रातली खरी गोष्ट माझ्या मते ही, की साठा दुसऱ्याच्या दारात हात पसरायला किंवा हात घालायला लागू नये म्हणून असतो. जुलै २०२० मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडला दहा दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा दुकानांपुढे लागलेल्या रांगा मी पाहिल्या. माणसं पिठाच्या गोण्या गाडीत कोंबत होती. ती बेगमी नव्हे. टंचाईच्या दिवशी जादा घ्यायचं नाही, ते दुसऱ्याच्या ताटातलं असतं, असं आई म्हणायची. भरायचं ते भरपूर असतं तेव्हा, थोडं थोडं.

वर्कशॉपला कुलूप होतं त्या महिन्यांत आईचा हात कोठीत रोज थोडा अधिक खोल जायचा. एका सकाळी बोटं पत्र्याला लागल्याचा आवाज मी ऐकला. तिने काहीच म्हटलं नाही, त्या दिवसापासून पोळ्यांत ज्वारीचं पीठ मिसळायला लागली. अण्णांना दुसरीकडे काम लागेपर्यंत दुकानदाराच्या वहीत आमच्या नावावर धान्याची उधारी चढली नाही.

म्हणून एका बोलण्याचा मला मनापासून राग आहे. "या पोरांना बचत कळत नाही, रोज पाच-दहा रुपयांच्या पुड्या आणतात." पोरं म्हणजे चाकणजवळ महाळुंगे, निघोजे, खराबवाडीला खोली करून राहणारे कंत्राटी कामगार. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा मुलगा त्यांतलाच. त्याला मी आईची रीत सांगायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, खोली कधी सोडावी लागेल सांगता येत नाही. पोतं घेऊन कुठं फिरू? आणि पगार कधी होतो तेच माहीत नसतं." पुडीतलं तेल किलोमागे महाग पडतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एकरकमी पैसा, कोरडी जागा आणि इथेच राहणार ही खात्री, या तिन्हींपैकी त्याच्याकडे एकही नाही. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे सात तारखेच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा तारखेच्या आत पगार द्यायला सांगितलं. माझ्या आईची सगळी बेगमी त्या तारखेवर उभी होती. तारीख हलली असती, तर तिच्या शहाणपणाचा काही उपयोग झाला नसता.

चाकण परिसरात ज्यांच्या चाळी आहेत, खोल्या भाड्याने आहेत, त्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक खोलीत भिंतीला एक मजबूत फळी ठोकून द्या आणि छत गळत असेल तर मेमध्येच दुरुस्त करा. आणि तुमच्या हाताखाली एकही माणूस कामाला असेल, मग ती धुणीभांडी करणारी बाई का असेना, तिचा पगार ठरल्या तारखेला द्या.