मुकुटबनच्या पाली

यवतमाळ जिल्ह्यांत, झरी-जामणी तालुक्यांत, मुकुटबन हें गांव आहे. गेल्या पावसाळ्यांत तेथें आप्तांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. रात्रीं ओसरीवरील दिव्यापाशीं राखी पाठीची, पिंवळ्या पोटाची पाल किडे टिपीत असे. दिवसां गडद दिसणारी ही गृहगोधिका रात्रीं फिकट होते. तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नसे. परंतु अंगणांतील कडुनिंबाच्या खोडावर, सालीसारख्याच करड्या नागमोडी रेषांची दुसरी पाल दिसतांच मुलें "विषारी, विषारी!" म्हणत काठी घेऊन धांवलीं.

मीं त्यांस थांबविलें. भारतांतील एकहि पाल विषारी नाहीं. या रेषा केवळ शत्रूच्या दृष्टीस न पडण्यासाठीं. सातपुड्यांतील बिबट्या पाल शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं नवी जात म्हणून नोंदविली. तिच्यासारख्या चित्रविचित्र अंगाच्या पाली याच गैरसमजापायीं प्राणांस मुकतात. पंचांगांत पल्लीपतनाचें फल आपण आवर्जून पाहतों; पाल मात्र कधीं निरखून पाहत नाहीं.

मुलांनीं काठी टाकली, बत्ती आणली, आणि साल कोठें संपते व पाल कोठें सुरू होते, हें तीं शोधूं लागलीं.