स्नोची बाटली

मामा परळच्या गिरणीत होता. एका भाऊबिजेला त्यानं आईच्या ताटात अफगाण स्नोची बाटली ठेवली. आईनं झाकण उघडून वास घेतला, आम्हालाही दिला आणि बाटली ट्रंकेत इरकली लुगड्याच्या घडीत गेली. "लग्नाकार्यात लावीन."

लग्नं झाली, बारशी झाली. पण एकही कार्य तिला तेवढं मोठं वाटलं नाही. खरं तर स्वतःचं तोंडच तिला त्या मोलाचं वाटत नसावं.

थोरल्या बहिणीच्या लग्नादिवशी पहाटे बाटली निघाली. स्नोत पाणीच जास्त. ते कधीच उडून गेलेलं. तळाला चैतातल्या काळ्या रानासारखी भेगाळलेली खपली. आईनं ती चमच्यानं खरवडली, पाण्यात कालवून बघितली. गुठळ्याच झाल्या. नवरी तशीच बोहल्यावर चढली. आई दिवसभर गप्प होती.

पुढच्या भाऊबिजेला मामानं दुसरी बाटली आणली. दुसऱ्याच दिवशी आई कमरेला खुरपं खोचून आरशापुढं उभी, तोंडाला स्नो.

वाटेत थोरल्या चुलतीनं हटकलं, "एवढं नटून कुठं गं?"

"शाळू खुरपायला," आई म्हणाली.