बटाट्याचे लिंग, मदतीची विभक्ती

बोरिवलीच्या बाजूने होडीत बसून खाडी ओलांडली की गोराई येते. माझ्या वर्गातल्या एका ईस्ट इंडियन विद्यार्थिनीने घरी जेवायला बोलावले होते. वर्षभर तिच्या निबंधांतले ‘पानी’ मी लाल शाईने ‘पाणी’ करीत आलो होतो, हे होडीत आठवत होतेच.

तिची आजी ओटीवर तांदूळ निवडत होती. नातीला म्हणाली, “ये बाय, मना जरा मदत कर.” वाक्य साधेच, पण मी चपापलो. आदल्याच दिवशी तासाला मी म्हणालो होतो, “प्रकल्पासाठी मी तुमची मदत करीन.” ही षष्ठी हिंदीची. मराठीत मदत ‘तुम्हांला’ करायची असते. (‘मदत’ हा शब्द मुळात अरबी, हे आणखी वेगळेच, तो आपण घेतला, पण चालवला आपल्या विभक्तीने.)

वसई-साष्टीचा हा मुलूख १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला. दोनशे वर्षांत शब्द पुष्कळ आले. पाव, चावी, पगार तर साऱ्या महाराष्ट्राचे झाले. ‘पगार’ तिकडे क्रियापद, ‘पैसे देणे’. इथे ते मुकाट नाम झाले. ‘बटाटा’ तिकडे स्त्रीलिंगी. आपण शेवटचा ‘आ’ ऐकला आणि त्याला घोड्याच्या पंगतीत बसवले: बटाटे, बटाट्याला.

मात्र व्याकरण अभेद्य असते असे समजू नये. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली आजही बोलतात. तिचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषांत जगली. शब्द बाजारातूनही येतात. वाक्याची घडण बदलायला मात्र एकाच डोक्यात दोन भाषा रोज नांदाव्या लागतात. हिंदीच्या बाबतीत आम्हा मुंबईकरांचे नेमके तेच झाले आहे. पोर्तुगीज शब्द वागवणाऱ्या आजीची चतुर्थी शाबूत होती आणि मराठीच्या प्राध्यापकाची ढळली होती.

जेवताना आजीने नातीच्या अभ्यासाची चौकशी केली. “चांगला चाललाय,” मी म्हणालो. लाल शाईचा विषय काढला नाही. नातीनेच तांब्या उचलत विचारले, “सर, पानी देऊ की पाणी?”

पुढच्या आठवड्यात तिची वही आली. ‘पानी’ होतेच. पेन हातात धरून बराच वेळ बसलो. विद्यापीठाची उत्तरपत्रिका दुसराच कोणी तपासणार होता. शेवटी दुरुस्ती केली, पण पेन्सिलीने.