पाषाणाच्या पोटांत

निष्ठुर मनुष्याला आपण पाषाणहृदयी म्हणतों. पण पाषाणालाहि पाझर असतो, हें विहीर खणणारास ठाऊक असतें. आइसलंडांत २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं कर्बवायु पाण्यांत विरघळवून बेसॉल्टच्या काळ्या खडकांत सोडला. दोन वर्षांच्या आंत त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा चुनखडीच्या जातीचा दगड झाला! आपला सह्याद्रि त्याच खडकाचा, म्हणून मला हर्ष झाला. परंतु त्या रीतीनें टनभर वायु जिरवावयास सुमारें २५ टन पाणी लागतें, हें वाचून मन थबकलें. चैत्रांत ज्या खडकाचे झरे आटून आमच्या विहिरी कोरड्या पडतात, त्याच्या भेगांत आधीं काय जिरवावें? भूमातेनें आमचे अपराध पोटांत घालावे, हें ठीक; पण तिच्या लेकरांच्या तोंडचें पाणी काढून नव्हे.