शाळेत जाण्यापूर्वी

मूल सहा वर्षांचे झाले की घराघरांतून दप्तराची, गणवेशाची आणि बाराखडीची गडबड सुरू होते. आमच्या इंदूरच्या घरीही ती झाली. परंतु तिचा क्रम निराळा होता. माझ्या नातीला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. डॉक्टर ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तोच हा विकार. वाढत्या मेंदूला इजा पोचल्यामुळे स्नायूंवरील ताबा उणा पडतो. ती इजा पुढे वाढत जात नाही, आणि हा विकार एकापासून दुसऱ्याला होत तर मुळीच नाही. नातीचे पाय ताठ असतात. चाकांच्या वॉकरच्या आधाराने ती चालते. बोलणे सावकाश व थोडे जड आहे. बुद्धीचे म्हणाल, तर पत्त्यांच्या डावात ती मला सहज हरविते.

तिच्या आईला अक्षरांची घाई होती. माझे मत असे पडले की, अक्षरे शिकविण्यासाठीच तर शाळा असते. शाळा जे शिकवीत नाही ते आधी घरी व्हावयास हवे. त्यांत पहिले म्हणजे मदत मागणे. ज्या मुलाने नुसते पाहिले तरी पेला पुढे येतो, त्याला मागण्याचा प्रसंगच येत नाही. वर्गातील चाळीस मुलांत त्याची नजर कोण ओळखणार?

येथे एक अडचण होती. आमची भाषा मराठी आणि शाळेची हिंदी. त्यातून तिच्या जिभेला 'थ' आणि 'र' फार जड. 'बाथरूम' हा शब्द पुरा होईपर्यंत घटका उलटे, आणि त्या कामाला तर घटकाभराची सवड नसते! वाचोपचार करणाऱ्या बाईंनी सुचविले की शब्दच सोपा निवडावा. म्हणून 'सूसू' ठरला, आणि जोडीला उजवा हात वर करण्याची खूण. दुसरा शब्द 'पानी'. तिसरा मात्र तिने स्वतः पसंत केला : 'मैं खुद'. वाटेल त्याने, न विचारता, काखेत हात घालून उचलावे याचा तिला मनस्वी राग आहे. लोक दयेपोटीच तसे करतात हे खरे. पण उचलला जाणारा देह तिचा असतो.

महिनाभर दुपारी आम्ही शाळा-शाळा खेळलो. तिचे आजोबा मास्तर होत आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत बसत. शेजारच्या काकू येऊन तिला उचलू लागत, आणि 'मैं खुद' ऐकू आल्याखेरीज हात काढून घेत नसत. या खेळात रडारडही झाली. आजोबांना तर ते लक्ष नसल्याचे सोंग फारच जड जाई.

वस्तूंची तयारी त्या मानाने सोपी होती. पायांच्या आधारपट्ट्या मावाव्यात म्हणून बूट एक माप मोठे घेतले, तेही नाडीऐवजी चिकटपट्टीचे. घट्ट झाकणाचा पोळीचा डबा बाजूस ठेवून सैल झाकणाचा आणला. पेन्सिलीला सुती चिंधी गुंडाळून ती जाड केली. बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत राहिले तर कंबर स्थिर राहत नाही आणि मग हातही नीट चालत नाही. म्हणून सुताराकडून पायांखाली ठेवावयास एक लाकडी ठोकळा करून घेतला. पुस्तकांचा एक संच घरी व एक शाळेत, अशी योजना केल्याने दप्तराचे ओझेच राहिले नाही.

शाळा मिळविणे मात्र इतके सुलभ नव्हते. एकीने 'सोय नाही' एवढे सांगून अर्ज परत केला. १९७२ साली मिथू आलूर यांनी मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली. त्यांची स्वतःची कन्या याच विकाराची. त्या काळच्या आईबापांपाशी कायद्याचा आधार नव्हता. आज तो आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाप्रमाणे चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत, अथवा पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. कायद्याची प्रत पिशवीत घेऊन मी दुसऱ्या शाळेत गेले. ती बाहेर काढण्याची वेळच आली नाही. मुख्याध्यापिकांनी पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला आणि शौचालयात भिंतीला धरावयास एक नळी बसविली. दाराच्या चार पायऱ्यांवर उतार व्हावयाचा आहे. सध्या शिपाईदादा, तिला विचारून, हात देतात.

शाळा भरण्यापूर्वीच्या एका रविवारी आम्ही तिला तेथे नेऊन आणले. फाटकापासून बाकापर्यंत ती तीनदा चालली. परतताना तिने विचारले, "आजी, मुलं पायांबद्दल विचारतील ना?" विचारतीलच, मी म्हटले. तेव्हा उत्तर काय द्यावे यावर घरात खल झाला. तिच्या वडिलांनी बरेच लांबलचक समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि आपले वाक्य ठरविले : "जन्म से ऐसे हैं. दुखते नहीं." पहिल्या आठवड्यात हे तिला पुष्कळदा सांगावे लागले, पुढे तिच्या बाकावरची मुलगीच इतरांना सांगू लागली.

घरच्या माणसाने दिवसभर वर्गात बसावे असे शाळेने सुचविले होते. मी पंधरा दिवस बसले, पण वर्गात नव्हे, अंगणातल्या निंबाखाली. मग तेही सोडले.

आता अडले आहे ते पाण्याशी. शौचालयापर्यंत जाण्याचा त्रास नको म्हणून ती शाळेत पाणीच पीत नसे. बाटली भरलेली परत येई. उन्हाळ्यात हे बरे नव्हे. बाईंनी मधल्या सुटीपूर्वी तिला पाच मिनिटे आधी सोडण्याचे मान्य केले आहे, म्हणजे गर्दीत वॉकर अडत नाही. या आठवड्यात बाटली दोनदा अर्धी रिकामी आली.