आजीचा तारा

दिवाळीनंतर, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात, आमच्या आजीच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याची पुढे व्हावयाची होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एके रात्री साडेआठच्या सुमारास ती गच्चीवरून खाली आली ती घाबरलेलीच. "अरे, डोंगरावर एक तारा आहे, घटकेत तांबडा होतो, घटकेत हिरवा, मध्येच निळा," असे ती सांगू लागली. आमच्या बोरीवलीच्या पूर्वेस कान्हेरीचे डोंगर आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या अंगास विमानांचे दिवे दिसतात. तेव्हा "विमान असेल, आई," एवढे बोलून बाबांनी विषय संपविला.

दुसऱ्या रात्रीही तिने तेच सांगितले, तेव्हा मात्र घरातील मंडळींच्या मनात निराळीच शंका आली. डोळा बिघडला तर नसेल? आजीने तर तीच धास्ती घेतली, दुसऱ्या डोळ्यास हात लावू देणार नाही असे बजाविले, आणि ताऱ्याचे नावच टाकले. खोटे कशाला बोलावे? आम्हीही तिला हसलो होतो.

पुढे दोन दिवसांनी, मन खाऊ लागले म्हणून, आम्ही एकटेच गच्चीवर गेलो. मृग नक्षत्र बरेच वर आले होते. त्यातील तीन ताऱ्यांची रेषा खाली वाढवीत नेली असता ती व्याधाकडे जाते. त्या रेषेच्या टोकाशी, डोंगराच्या माथ्यावर, आजीचा तारा होता. आणि तो खरोखरच तांबडा, हिरवा, निळा असा क्षणाक्षणाला पालटत होता!

मग पुस्तके चाळली, शिक्षकांस विचारले. व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा प्रकाश पांढरा, म्हणजे सर्व रंग त्यात एकत्र नांदतात. तो ८.६ वर्षे अवकाशातून निर्वेध प्रवास करून येतो, आणि त्याची खोडी निघते ती अगदी शेवटच्या निमिषात, आपल्या हवेत. हवेत उष्ण व थंड थर एकमेकांत घुसळत असतात आणि प्रत्येक थर प्रकाशास थोडेसे वाकवितो. भर दुपारी पाण्याच्या हौदात डोकावले असता तळाशी उन्हाच्या जाळीदार रेघा नाचताना दिसतात. ताऱ्याच्या प्रकाशाच्याही तशाच उजळ व अंधुक लहरी जमिनीवरून सरकत असतात. उजळ लहर डोळ्यावर आली की तारा चमकतो, ती पुढे गेली की मंदावतो.

रंगांचे कारण ह्याहून सूक्ष्म आहे. लोलकाप्रमाणे हवाही निळ्या प्रकाशास तांबड्यापेक्षा किंचित अधिक वाकविते. तारा डोक्यावर असता ह्याचा परिणाम जाणवत नाही. परंतु तो क्षितिजाजवळ असता त्याचे निळे व तांबडे किरण हवेतून जराशा वेगळ्या वाटांनी आपल्या डोळ्यांत पोहोचतात. एका वाटेवर लहर आडवी आली तरी दुसरी मोकळी राहते. त्या क्षणी जो रंग पोहोचतो तोच ताऱ्याचा रंग! शिवाय क्षितिजापासून दहा अंशांवरील ताऱ्याच्या प्रकाशास डोक्यावरील ताऱ्याच्या सुमारे साडेपाचपट हवा ओलांडावी लागते. मंद ताऱ्यांचेही असेच होते, पण त्यांच्या अपुऱ्या प्रकाशाने आपल्या डोळ्यांची रंगदृष्टी जागीच होत नाही.

त्याच रात्री आम्ही आजीस हाताला धरून वर नेले आणि प्रथम रोहिणीजवळ असलेला गुरू दाखविला. तो स्थिर होता. मुंबईत ठेवलेले रुपयाचे नाणे नागपुराहून पाहावे, तेवढेच व्याधाचे बिंब. तेच नाणे शंभर मीटरांवर ठेवावे, तेवढे गुरूचे. इतक्या बिंबाच्या निरनिराळ्या भागांचे लुकलुकणे परस्परांत मिसळून जाते. मग बाबांची जुनी दुर्बीण व्याधाकडे लावून ती हळूच गोल हलविण्यास सांगितले. (बाबाही एव्हाना वर आले होते.) दुर्बिणीत ताऱ्याची रेघ होते आणि त्या रेघेत रंग वेगवेगळे दिसतात. "अगो बाई, काचेच्या मण्यांची माळच ही!" आजी म्हणाली. बाबांनी दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

मध्यरात्री तिला पुन्हा उठविले. व्याध आता बराच उंच चढला होता. पांढराशुभ्र, किंचित लुकलुकणारा. आजीने तोच उजवा डोळा लावून त्याच्याकडे पाहिले व ती म्हणाली, "म्हणजे माझा डोळा चांगला आहे तर."

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी झाली. महाशिवरात्रीच्या सुमारास रात्री साडेआठ वाजता आम्ही तिला दक्षिणेस इमारतींच्या फटीतून अगस्त्य दाखविला. तेजात व्याधाच्या खालोखाल तोच. परंतु बोरीवलीहून तो फार तर अठरा अंश वर येतो आणि पुन्हा खाली उतरतो. तोही थरथरत होता. आजीने दोन्ही डोळ्यांनी त्यास न्याहाळले. "ह्या बिचाऱ्याला डोक्यावर यायला मिळतच नाही होय?" असे म्हणून ती खुर्ची ओढून तेथेच बसली.