संगणकाची रोजनिशी

वाचकहो, आमचे लोणंद तुम्हाला कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक असेल, नाहीतर माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे. आज मात्र मी सांगणार आहे घरातल्या जुन्या संगणकाची गोष्ट.

आमच्या बचत गटाचा हिशेब मी त्यावर लिहिते. कांद्याच्या पट्ट्याही त्यातच नोंदवते. गेल्या उन्हाळ्यात हिशेब लिहिता लिहिता वीज गेली. वीज आल्यावर संगणक लावला, तर तो स्वतःची डिस्क तपासू लागला. असा मध्येच बंद पडला, की पुढच्या वेळी तो कधी कधी आपणहून ही तपासणी करतो. गॅसवर दूध होते, ते उतरवायला मी आत गेले. परत येते तो तपासणी संपून नेहमीचा पडदा समोर! निकाल काय लागला, देव जाणे.

मनात पाल चुकचुकली. गटात आम्ही बारा जणी. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे. हिशेबच गेला तर कोणाला तोंड दाखवायचे? पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, घाबरू नका. संगणक रोजनिशी लिहितो. निकाल तिथे असेल."

त्याने सांगितले तसे केले. तुम्हीही करून पाहा. विंडोजच्या शोधाच्या चौकटीत 'इव्हेंट व्ह्यूअर' असे इंग्रजीत लिहून ते उघडावे. डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'ॲप्लिकेशन' निवडावे. मधल्या यादीत 'सोर्स' या रकान्यात 'विनइनिट' आणि क्रमांक १००१ असलेली नोंद शोधावी. संगणक सुरू होताना झालेल्या तपासणीचा निकाल तिथे असतो. चालू संगणकावर आपण तपासणी केली असेल, तर 'चेकडिस्क' नावाची नोंद पाहावी. तारीख-वेळ जुळवून घ्यावी.

नोंद उघडली, तर 'बॅड सेक्टर्स' म्हणजे खराब जागांपुढे ४८ केबी असा आकडा. दोन महिन्यांपूर्वीच्या नोंदीत तिथे शून्य होते. भाचा म्हणाला, "आकडा वाढतोय, म्हणजे डिस्क झिजतेय. आधी हिशेब बाहेर काढा."

त्याच रात्री सगळा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवला, दुसऱ्या दिवशी कागदावर छापून घेतला. दीड महिन्याने डिस्क बंदच पडली. नवी बसवली. हिशेबातला एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही. बैठकीत वही पुढे ठेवताना माझा हात कापला नाही.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही रोजनिशी भरली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, म्हणून निकाल वेळेवर पाहावा. आणि शून्य दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. चांगली दिसणारी डिस्कही अचानक दगा देते.

चाळीतला कांदा वरून लखलखीत दिसतो, तरी आपण अधूनमधून हात घालून निवडतोच ना? सडका निघाला तर बाजूला काढतो. संगणकाचेही तसेच. निकाल पाहावा, आणि हिशेबाची दुसरी प्रत नेहमी वेगळ्या जागी ठेवावी.